पार्किंगमागच्या खानावळीचा पहिला नंबर

गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या घरावर दोन्ही बाजूंनी आली. बाबा साचाखात्यात मागावर होते, त्यांचा पगार थांबला. आणि आई चाळीतल्या आमच्याच खोलीत खानावळ चालवायची, तिथे जेवणारे सगळे त्याच गिरणीतले, बायकामुलं कोकणात ठेवून आलेले. तेही थांबले. एकेक जण ट्रंक उचलून गावाला निघाला. आई दारात उभी राहून "सांभाळून जावा" म्हणायची आणि आत येऊन भाताचं आधण कमी करायची. त्या दिवसांत आमच्याकडे माशाची आमटी व्हायची, पण आमटीत मासा नसायचा. मी एकदा विचारलं, "आई, मासा कुठाय?" ती मालवणीत म्हणाली, "येऊन गेलो." म्हणजे येऊन गेला. विषय संपला.

बाबांनी पुढे वॉचमनकी केली, आईने हळूहळू नवे जेवणारे जमवले, आणि त्या खानावळीवर मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेज आतून बघितलेली मी पहिली. हे मी मुद्दाम लिहिते आणि दर वेळी लिहिणार. निकालाच्या दिवशी बाबांनी मासेवालीला सांगितलं, "पोरगी ग्रॅज्युएट झाली." ती म्हणाली, "मग आता बांगडे ती निवडणार काय?" बाबांनी त्या दिवशी तिच्याकडून काही घेतलं नाही.

मी आता लोअर परळला नोकरी करते. गिरणीच्या जागेवर काचेची इमारत आहे, तिच्या सहाव्या मजल्यावर. बाबा अजून विचारतात, "कुठल्या खात्यात?" खात्याचं नाव एसईओ. बाबा लोकांना सांगतात, "पोरगी कंपन्यांना वर चढवते." हे तसं बरोबर आहे. पण दिवाळी अंकासाठी लिहायचं तर जरा नीट सांगायला हवं.

नाक्यावरचा पानवाला डोळ्यांसमोर आणा. अनोळखी माणूस येऊन त्याला विचारतो, "इथे हाडांचा चांगला डॉक्टर कुठे?" पानवाला एक नाव सांगतो. तेच नाव का? कारण चार शहाणी माणसं येता-जाता तेच नाव घेताना त्याने ऐकलेलं असतं. आणि त्या डॉक्टरच्या दारावरची पाटी त्याने स्वतः वाचलेली असते, तिथे काय मिळतं ते त्याला ठाऊक असतं. इंटरनेटवर शोधायचं जे यंत्र आहे, तो असाच पानवाला आहे, फक्त त्याला झोप नाही. एका वेबसाइटने दुसरीचं नाव घेऊन तिकडे जायचा दुवा द्यायचा, त्याला आम्ही लिंक म्हणतो. आणि पाटीवर जे लिहिलेलं असतं, तो मजकूर. लोकांनी तुमचं नाव घ्यावं आणि तुमचा मजकूर वाचण्याजोगा असावा, एवढ्यासाठी माझा पगार आहे. सोपं वाटतं. ज्यांना सोपं वाटतं तेच आमची गिऱ्हाइकं होतात.

आमच्या आईने त्या यंत्राचं नाव कधीच घेतलं नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तशी ती त्याला "ते" म्हणते. "आज त्यांनी आपल्याला कुठे बसवलंय?" असं विचारते. सुरुवातीला बाबांना वाटायचं त्यांच्याबद्दलच चाललंय.

तर झालं असं, की आमची चाळ पाडून टॉवर झाला. खोलीच्या बदल्यात वर घर मिळालं आणि खानावळीच्या बदल्यात खाली गाळा मिळाला. पण गाळा मागच्या बाजूला, पार्किंगच्या पलीकडे. चाळीत असताना आई तव्यावर सुरमई टाकायची आणि रस्त्यावरचा माणूस वासाने आत यायचा. आता वास सरळ गाड्यांकडे जायचा, आणि गाड्या जेवत नाहीत. दुपारी बारा वाजता आई टेबलं पुसून बसायची, आणि चार वाजता तीच टेबलं पुन्हा पुसायची.

एके दिवशी ती म्हणाली, "गणपतीपर्यंत बघते. नाहीतर शटर ओढते आणि गावी जाते."

बाबा घाबरले. बाबांना गाव फार आवडतं, फोटोत. तिथे गेलं की दोन दिवसांत त्यांना साप दिसतो, तिसऱ्या दिवशी तिकीट काढतात. पण आई बोलली की करते. आणि मला खरोखर वाईट वाटलं ते असं, की ज्या चुलीवर मी शिकले ती चूल लोकांना सापडत नाही म्हणून विझणार, आणि मी लोकांना गोष्टी सापडवून देण्याचाच पगार घेते. मी म्हटलं, "आई, मी तुझी वेबसाइट करते."

"त्याने काय होईल?"

"लोक मालवणी जेवण शोधतील तेव्हा तुझं नाव येईल."

"मी कुणाच्या दारात जाऊन 'जेवायला या' म्हणणार नाही हां, आधीच सांगते."

"तू नाही जायचं. ते सांगणार."

"त्यांना माझ्या हातचं कुठे ठाऊक आहे?" आई म्हणाली. इतका चोख प्रश्न मला आजवर एकाही मॅनेजरने विचारलेला नाही, पण तेव्हा मी घाईत होते.

मजकूर लिहायला मी ऑफिसमधल्या एकाला गळ घातली. तो त्या काळी आमचा स्टार होता. जे शब्द लोक शोधतात ते पानावर पुन्हा पुन्हा कोंबायचे, ही त्याची पद्धत. बाबांनी चष्मा लावून आईला मोठ्याने वाचून दाखवलं: "लालबागमध्ये मालवणी खानावळ शोधताय? लालबागमधल्या मालवणी खानावळींत ही मालवणी खानावळ लालबागची लाडकी मालवणी खानावळ आहे, कारण लालबागला मालवणी खानावळ म्हटलं की…"

आई म्हणाली, "अगो, त्याला पाणी द्या कुणीतरी."

मी तो मजकूर काढला आणि साधा लिहिला: काय मिळतं, कधी मिळतं, पार्किंगमधून डावीकडे कसं वळायचं. नाव ठेवलं 'वहिनींची खानावळ', कारण अख्खी बिल्डिंग आईला सुलूवहिनी म्हणते.

आठवड्याभरात बाबा ओरडतच वर आले. "पहिला नंबर. पमे, पहिला नंबर." त्यांच्या फोनवर 'मालवणी खानावळ' टाकलं की आमचंच नाव सगळ्यात वर. बाबांनी मला विचारायच्या आत पेढे वाटले. लिफ्टमनला दोन दिले. संध्याकाळी ठाण्याहून माझ्या आतेभावाचा फोन आला, "मामा, तुम्ही सातव्या पानावर आहात."

मला माहीत होतं काय झालंय. बाबा सकाळी उठल्यापासून आमचीच साइट उघडून बसायचे. फोनला वाटलं, या म्हाताऱ्याला हेच लागतं, देऊन टाकू. आमच्या धंद्यातला हा जुना आजार आहे. दादरच्या एका साडीवाल्या शेटजींना मी महिनाभर समजावत होते की तुम्ही फक्त तुमच्या फोनवर पहिले आहात. शेवटी त्यांच्या बायकोने स्वतःच्या फोनवर शोधलं, शेटजी चौथ्या पानावर निघाले, आणि त्यांचं म्हणणं पडलं की बायकोचा फोन माहेरचा आहे.

बाबांना मात्र फार लागलं. पेढे परत मागता येत नाहीत. मी म्हटलं, "बाबा, वेळ लागतो. दुसऱ्यांनी आपलं नाव घ्यायला हवं. जेवणाबद्दल लिहिणारे लोक असतात, त्यांना बोलवू, ते जेवतील, आवडलं तर लिहितील."

"म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइटवर आपलं नाव पाहिजे," आई म्हणाली. "एवढंच ना?"

"एवढंच."

हे 'एवढंच' मला फार महागात पडलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या कामात बुडाले ती महिनाभर वर आले नाही. साइटचा पासवर्ड बाबांकडे होता.

इथे वाचकांना आमच्या माणसांची एक रीत सांगायला हवी. चाळीत शेजारणीने वाटीभर काही दिलं तर ती वाटी रिकामी परत द्यायची नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालून द्यायची. चाळ पाडली तरी ही रीत पडली नाही, लिफ्टने वर-खाली करायला लागली. आणि त्या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये वेबसाइटची साथ होती. तळमजल्यावर प्रिंटिंगवाला बाळा आहे, तो व्हिजिटिंग कार्डांवर वेबसाइट फुकट देत होता. ज्याचा काही धंदा होता त्याची साइट होती, आणि सगळ्यांच्या साइटच्या चाव्या बाळाकडे.

आई कोंबडीच्या रश्श्याची वाटी घेऊन पहिल्यांदा गावकरांकडे गेली. गावकरांचं पेस्ट कंट्रोल आहे. "भावोजी, तुमच्या वेबसाइटवर आमचं नाव घालाल काय?"

"वहिनी, विचारताय काय? बाळाला आत्ता सांगतो."

घातलं. पण आता आईच्या जिवाला घोर. गावकरांनी नाव घातलं म्हणजे वाटी भरून आली, आपण ती रिकामी कशी ठेवायची? तिने बाबांना सांगितलं, बाबांनी बाळाला पासवर्ड दिला, आणि गावकरांचं नाव आमच्या साइटवर आलं. मग ती पेडणेकरभाऊंकडे गेली. त्यांचं अंत्यविधीच्या सामानाचं दुकान. त्यांनीही नाव घातलं, त्यांचंही आलं. मग गावकरांना वाटलं, पेडणेकरांनी वहिनींचं घातलं आणि आपलं नाही, म्हणजे काय? पेडणेकरांना गावकरांबद्दल तेच वाटलं. बेंजो पार्टीवाले, शिवणक्लासवाल्या बाई, बोअरिंगच्या गाड्या पुरवणारे, सगळे एकमेकांच्या साइटवर जाऊन बसले. बिल्डिंगमध्ये इतकं प्रेम गोविंदाच्या दिवशीसुद्धा नसतं.

महिन्याने मला कळलं ते असं, की बाबांचा पडलेल्या आवाजात ऑफिसात फोन आला. "पमे, आपण माझ्या फोनवरपण दिसत नाही."

मी शोधलं. सातव्या पानावर नाही. सतराव्यावर नाही. आमची साइट कुठेच नव्हती. मग मी ती सरळ पत्ता टाकून उघडली. वर सुरमई थाळी, बांगडा थाळी, कोंबडी वडे, सोलकढी. आणि लगेच खाली ठळक अक्षरांत: 'आमचे विश्वासू सहकारी. गावकर पेस्ट कंट्रोल. पेडणेकर अंत्यविधी साहित्य.' म्हणजे आधी जेवण, मग औषध, मग पुढची व्यवस्था.

गावकरांची साइट उघडली. 'झुरळ, ढेकूण, उंदीर यांच्यासाठी खात्रीशीर. तसेच वहिनींचे कोंबडी वडे.'

पेडणेकरांची उघडायचं मला धाडस होत नव्हतं. उघडली. 'तिरडी, मडकी, गोवऱ्या, घरपोच.' त्याखाली आमच्या कोंबडी वड्यांचा रंगीत फोटो, मोठ्या अक्षरांत आमचा फोन नंबर, आणि बाळाने स्वतःच्या मनाने टाकलेली ओळ: 'एकदा याल तर पुन्हा पुन्हा याल.'

मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून घरी आले. खानावळीत आई, बाबा, गावकर, पेडणेकर आणि बाळा, सगळे बसले होते. गिऱ्हाईक नव्हतंच.

"पानवाल्याला कळलं," मी म्हटलं, "की बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी ठरवून एकमेकांची नावं घ्यायची चालवलीत. आता तो आपलं नावच घेत नाही. हे सगळं काढायला हवं."

"कुठला पानवाला?" गावकर म्हणाले. "मी बघतो त्याला."

"गावकरकाका, तसा पानवाला नाही. तुमचं नाव आमच्या साइटवरून काढायचं, आमचं तुमच्यावरून."

गावकरांचा चेहरा उतरला. "वहिनी, आमच्या नावाचा त्रास व्हायला लागला काय तुम्हाला?"

आई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिला लोकांच्या दारात जाऊन भरलेली वाटी सिंकमध्ये ओतायला सांगितली होती. "मी नाही काढणार," ती म्हणाली. "त्यांना राग आला तर आला. गावकरांना आलेला मला चालणार नाही."

"आई, मग गणपतीनंतर गावी जावं लागेल."

"जाईन."

बाबांनी हळूच विचारलं, "सापांचं काही औषध आहे काय रे गावकर?"

तेवढ्यात खानावळीचा फोन वाजला. आईने उचलला आणि सवयीने स्पीकरवर टाकला, तिला कानाला लावून ऐकू येत नाही.

"हॅलो," एक तरुण आवाज, घाबरलेला. "मी वरळीहून बोलतोय. मडकं आणि बाकीचं सामान किती वेळात येईल?"

"मडकं?" आई म्हणाली. "आमच्याकडे हंडीतलं मटण रविवारी असतं."

पेडणेकर टुणकन उठले आणि त्यांनी फोन हातात घेतला. "बोला साहेब, पेडणेकर बोलतोय." सामान लिहून घेतलं, पत्ता घेतला. त्या मुलाचे आजोबा गेले होते. बोलणं संपत आलं तसा तो म्हणाला, "काका, अजून एक विचारू? तुमच्या पानावर जेवणाचं पण आहे. घरात वीस माणसं आहेत. आई म्हणते आज चूल पेटवायची नाही. शेजारी कुणाला आम्ही ओळखत नाही, नवीन टॉवर आहे. ते वड्यांचं वगैरे नको. साधं काही मिळेल?"

आईने फोन ओढून घेतला. "पिठलं-भात करते. कुठल्या मजल्यावर?"

"पस्तिसाव्या."

"किती ती उंची," आई म्हणाली आणि कांदे काढायला गेली.

एक आठवण करून देते. आपल्याकडे कुणाच्या घरी मयत झालं की त्या दिवशी तिथे चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात नेऊन देतात. चाळीत हे कुणाला सांगावं लागत नसे. पस्तिसाव्या मजल्यावर ते कोण करणार? मी तिथेच टेबलावर लॅपटॉप उघडला आणि लोक काय शोधतात ते बघत बसले. हे बघायला आमच्याकडे साधनं असतात. 'घरी मयत झाल्यावर जेवण कुठे मिळेल.' 'सुतकाचं जेवण घरपोच मुंबई.' 'मयताच्या दिवशी काय जेवतात.' माणसं शोधत होती, आणि उत्तर द्यायला कुणीच नव्हतं. पाहुणे आले की वाढायचं जेवण हजार ठिकाणी मिळत होतं. हे कुठेच नव्हतं.

मी कामाला लागले, आणि हे काम मला येतं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. एक नवं पान केलं. ज्या घरी दुःख आहे तिथे काय पाठवायचं, किती माणसांना किती, कांदा-लसूण चालतो की नाही, कुणाकडे काय रीत असते, हे आईला विचारून साध्या शब्दांत लिहिलं. विशेषणं एकही नाही. आई सांगत होती तसंच वाक्य ठेवलं: 'आम्ही दार वाजवणार नाही, डबा खाली वॉचमनकडे ठेवू. डबे परत करायची घाई करू नका.'

आणि लिंकचं? सगळ्या काढायच्या ठरल्या, पण पेडणेकरांची ठेवायची. कारण त्यांच्याकडे येणाऱ्या माणसाला आमची खरंच गरज होती. झुरळांकडून येणाऱ्याला नव्हती. आमच्या धंद्याचं सगळं शास्त्र एवढंच आहे, बाकी आम्ही कॉन्फरन्समध्ये सांगतो.

पण गावकरांना समजवायचं कुणी? आई पुन्हा वाटी घेऊन गेली. मी मागे उभी होते.

"वाटी पण देताय आणि नाव पण काढताय?" गावकर म्हणाले. "आणि पेडणेकरचं ठेवताय? त्याच्यात असं काय आहे?"

"भावोजी," आई म्हणाली, "त्याच्याकडे गेलेलो माणूस जेवतलो नाय, त्याच्या घरचे जेवतले. तुमच्याकडचो उंदीर जेवलो तर माझ्या खानावळीचा काय?"

गावकरांनी विचार केला. मग हसले. "बरोबर आहे. पण मग मी काय देऊ? वाटी रिकामी कशी पाठवू?"

मी म्हटलं, "काका, तुम्ही येऊन जेवा आणि खरं काय वाटलं ते लिहा. रिव्ह्यू म्हणतात त्याला."

गावकरांनी लिहिलं. अजून आहे ते साइटवर, मी काढू देत नाही: 'वहिनी आमच्या शेजारी. स्वभावाने चांगल्या. मुलगी शिकलेली आहे. बांगडा ताजा होता. किचनमध्ये एकही झुरळ नाही, हे मी जबाबदारीने सांगतो.' या धंद्यात मी पुष्कळ रिव्ह्यू वाचले, पण याच्याइतक्या अधिकाराने लिहिलेला एकही नाही.

पानवाल्याचा राग उतरायला वेळ लागला. मधल्या काळात आई दिवसाला दोनदा विचारायची, "ते काय म्हणतात?" आणि मी सांगायची, "अजून रुसलेत." मग श्रावणात एकदा माझ्या आतेभावाचा फोन आला. "मामा, तुम्ही दिसताय. पण भलत्याच ठिकाणी." सुतकाचं जेवण शोधलं की आमचं नाव पहिलं येत होतं. ठाण्याच्या फोनवर.

फोन यायला लागले. परळहून, प्रभादेवीहून, दादरहून. आई पहाटे उठून पिठलं हाटायला लागली आणि चिडचिड करायला लागली. "माझं सुरमईचं तिखलं जगात कुठे मिळणार नाही, आणि लोक मला पिठल्यासाठी ओळखतात."

"आई, धंदा चाललाय ना?"

"चाललाय. पण येणारा प्रत्येक फोन रडत येतो गो."

तिचं समाधान श्रावण संपल्यावर झालं. वरळीचा तो पस्तिसाव्या मजल्यावरचा मुलगा पार्किंगमधून डावीकडे वळून दारात उभा राहिला, हातात आमचे डबे. मागे त्याची आई, मावशी, काका, सगळे. त्याच्या आईने घासलेले डबे टेबलावर ठेवले. एकाचं झाकण उघडून दाखवलं. आत साखर होती.

"सुतक फिटलं, श्रावणही संपला," ती म्हणाली. "आज मासे खायचे आहेत. कुठे जायचं हा प्रश्नच आला नाही."

आईने पदर खोचला आणि बाबांना सांगितलं, "टेबलं जोडा."

तेव्हापासून असंच चालतं. लोक आधी पिठलं खातात आणि पंधरा दिवसांनी सुरमई खायला येतात, मग वाढदिवसाला येतात, मग त्यांचे पाहुणे येतात. बाळाची ती ओळ मी पेडणेकरांच्या पानावरून पहिल्याच दिवशी काढली होती. आमच्या पानावर मात्र आता ठेवली आहे, कारण ती खरी निघाली.

'मालवणी खानावळ' टाकलं तर आम्ही आज तिसरे आहोत. पहिले दोघे मोठे हॉटेलवाले आहेत, त्यांचं काम दुसरी एक एजन्सी बघते आणि बरं बघते. सुतकाच्या जेवणात मात्र मुंबईत पहिलं नाव माझ्या आईचं आहे, सगळ्यांच्या फोनवर. खानावळ चालू आहे. आई गावी गेली नाही, आणि आमच्या आमटीत मासा असतो.